पेगीला फिरवून आणते

ग्लेनिस हॉलवर्थच्या दिवसभरात एकच वाक्य असं होतं, ज्यावर तिचा नवरा उलट प्रश्न करत नसे. ‘पेगीला फिरवून आणते.’ एवढं म्हटलं की दार उघडायचं, पायरी उतरायची आणि तासभर कुणाला काही सांगायचं नाही. दूध आणायला निघालं तर कुठलं, किती, कालचं संपलं कसं? कपडे धुवायला निघालं तर आत्ता सामाईक मशीनवर गर्दी असेल, चारला जा. पण कुत्रीला बाहेर जायचं म्हटल्यावर नेव्हिलचंही काही चालत नसे. त्यामुळे पेगीला दिवसातून दोनदाच बाहेर जायची गरज असली, तरी ग्लेनिस तिला चारदा नेई. पेगी अकरा वर्षांची, ओल्या वाळूच्या रंगाची, आखूड पायांची टेरिअर. म्हातारपणी इतकं चालणं तिच्या नशिबी का आलं, हे तिला कधी कळलं नसेल.

त्यांची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सहा मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. एक उभा राहिला की दुसऱ्याने बसायचं, असा अलिखित करार. नेव्हिल भांडी घासत असेल तर ग्लेनिसने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. तिला केस विंचरायचे असले तर त्याने बाहेर जाऊन दारापुढच्या मांडवाचे दोर तपासायचे. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत हे असंच. किनाऱ्याकिनाऱ्याने पुढचं गाव, पुढची जागा, पुढचा समुद्र. समुद्र मात्र तोच. लँकेशरमधलं त्यांचं चांगलं विटांचं घर आठ महिने कुलपात पडलेलं, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात खिडकी उघडी टाकून एकटीनं चहा पीत बसावं, एवढीच ग्लेनिसची इच्छा होती. दर फेब्रुवारीत ती ठरवी की या वर्षी सांगायचं. आणि दर मार्चमध्ये ती उशांचे अभ्रे मोजून गाडीत भरत असे.

नेव्हिल मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तो कधी कधी तसा वाटेल. एकतीस वर्षं बस डेपोत निरीक्षक म्हणून काढलेला, नाकासमोर चालणारा माणूस. निवृत्त झाल्यावर तपासायला बस उरल्या नाहीत, म्हणून त्याने बायको तपासायला घेतली, इतकंच. निघण्यापूर्वी करायच्या बावीस कामांची यादी त्याने प्लास्टिकमध्ये बंद करून दाराच्या आतल्या बाजूला लावली होती. एकोणीस वर्षांत त्याने त्यातलं एकही काम चुकवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला येत नसे, आणि ती कॅरॅव्हॅनवाल्याला न येऊन चालत नाही. कॅरॅव्हॅन मागे घेणं. गाडीचं चाक डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं, सगळाच उलटा कारभार. नव्या जागेवर पोचलं की आधीचे मुक्कामी लोक हातात चहाचे मग घेऊन घडीच्या खुर्च्यांवर बसतात आणि आपण बघत नाही असं दाखवत बघतात. तिथे ग्लेनिसने मागे उभं राहून हात करायचे. डावीकडे, डावीकडे, आता सरळ, बस. कॅरॅव्हॅन वाकडी जाई. नेव्हिल खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणे, “ग्लेनिस, हात.” एवढंच. पण त्या दोन शब्दांत सगळ्या खुर्च्यांना कळे की चूक कुणाची आहे. मग चार शेजारी उठून कॅरॅव्हॅन ढकलत जागेवर बसवत, आणि ग्लेनिस प्रत्येकाची माफी मागे. एकोणीस वर्षांत तिचीही खात्री पटली होती की आपले हातच बरोबर नाहीत.

तर मे महिन्यातली गोष्ट. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक जागा बारापर्यंत सोडायची होती. नेव्हिलने दहालाच सोडली. वाटेत कड्यावर गाड्या उभ्या करायची मोकळी जागा होती, तिथे ग्लेनिस आपलं वाक्य म्हणाली आणि पेगीला घेऊन पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांमधून निघाली. ऊन छान पडलं होतं. खाली समुद्र, वर चंडोल, आणि विचारणारं कुणी नाही. ती जरा जास्तच लांब गेली.

ॲडर जातीचा एक विषारी साप वाटेच्या कडेला ऊन खात पडला होता. हातभर लांब, पाठीवर नागमोडी पट्टा. तो साप आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही, पण पेगीने त्याला नाक लावून बघितलं. एक बारीक किंकाळी झाली आणि ग्लेनिस पोचेपर्यंत साप झुडपात गेलाही होता. पेगीच्या वरच्या ओठावर रक्ताचे दोन थेंब होते. अकराला पाच मिनिटं कमी होती.

कड्यावर फोन लागला. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “तिला चालवू नका. उचलून घ्या, हलवू नका फारसं. आमच्याकडे औषध आहे. किती वेळात याल?”

“वीस मिनिटं,” ग्लेनिस म्हणाली आणि पेगीला छातीशी धरून चालत सुटली.

नेव्हिल टायरची हवा बघत होता. त्याने पेगीचं तोंड पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचंही त्या कुत्रीवर प्रेम होतं, ते कधी दिसत नसे एवढंच.

“कॅरॅव्हॅन इथेच सोड,” ग्लेनिस म्हणाली. “नुसती गाडी घेऊन जाऊ.”

“सोडायला दहा मिनिटं लागतात. टेकूचे पाय खाली घ्यायचे, चाकाला कुलूप, जोडाला कुलूप. तेवढ्यात आपण निम्म्या वाटेवर असू.”

“कुलपं राहू दे ना.”

“राहू दे काय? कुणी ओढून नेली तर?”

‘नेऊ दे’ हे ग्लेनिसच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण छातीशी पेगी थरथरत होती, वाद घालायलाही वेळ जातो, आणि गप्प बसायची तिला सवयच होती. ती गाडीत बसली. घर पाठीला बांधून तिघं निघाली.

मोठ्या रस्त्याने गाव अकरा मैल होतं. दोन मैलांवर डावीकडे एक वाट फुटली, त्या वाटेने पाच. ग्लेनिसच्या मांडीवर नकाशा होता आणि नकाशावर पेगी.

“इथे वळ,” ती म्हणाली.

वळणावर एक पाटी होती. निम्मी वेलीत दडलेली, पण वाचता येण्यासारखी. कॅरॅव्हॅनसाठी योग्य नाही. ग्लेनिसने ती सरळ वाचली, आणि पुन्हा म्हणाली, “वळ लवकर.” नेव्हिल वळला.

तिकडच्या अशा वाटा म्हणजे जमिनीत खोल कापलेले बोळ. दोन्ही बाजूंना दगडमातीचे बांध, त्यांवर नेचे, गुलाबी फुलं आणि झुडपं, माणसाच्या डोक्यावरून जातील इतके उंच. गाडीचे आरसे पानांना घासत होते. मध्येच कुठे तरी समोरच्याला वाट द्यायला फुगवटा असतो, तो एक मागे पडला. मग बराच वेळ काहीच नव्हतं. पेगीचा ओठ सुजून लोंबायला लागला होता. ग्लेनिस तिच्या कानाशी काहीबाही बोलत होती, दहा मिनिटं गं, आता आलंच. वाट वळली आणि समोर एक पांढरी कॅरॅव्हॅन ओढत येणारी निळी गाडी उभी राहिली.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. निळ्या गाडीतून एक उंच, टकलू गृहस्थ कसाबसा अंग चोरून उतरला. त्याचं नाव डेस्मंड, हे त्याने आधी सांगितलं. मग हवा किती सुंदर आहे ते सांगितलं. मग माफी मागितली. नेव्हिलने उतरून उलट माफी मागितली. डेस्मंडची बायको एव्हरिल काच खाली करून म्हणाली की चूक तिचीच, गाडीतल्या रस्ता सांगणाऱ्या मशीनमधल्या बाईने ही वाट दाखवली आणि तिने ऐकलं. चार जणांनी मिळून सहा वेळा माफी मागितली आणि एक इंचही कुणी हललं नाही.

“आमच्या कुत्रीला साप चावलाय,” ग्लेनिस आतून म्हणाली. तिच्या बाजूचं दार बांधाला टेकलं होतं, ते वीतभरच उघडत होतं.

“अरे देवा,” डेस्मंड म्हणाला. “मग तुम्हाला आधी जायला हवं.” आणि मागे वळून आपल्या कॅरॅव्हॅनकडे बघत उभा राहिला. तिच्यामागे अर्धा मैल चढ होता, वळणांचा. त्या चढावर हातांनी रेटण्यासारखी ती वस्तू नव्हती, आणि चौघांचं मिळून वय पावणेतीनशेच्या घरात.

तिकडचा रिवाज असा की मागची मोकळी जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे जायचं. नेव्हिलला हा रिवाज ठाऊक होता, आणि त्याच्या सचोटीला धरून तो स्वतःच म्हणाला, “फुगवटा आमच्या जवळ आहे. आम्हीच घेतो मागे. ग्लेनिस, उतर.”

ग्लेनिसने पेगीला टॉवेलात गुंडाळून सीटवर ठेवलं, ड्रायव्हरच्या बाजूने सरपटत बाहेर पडली आणि बांध आणि कॅरॅव्हॅनच्या फटीतून, झुडपांचे ओरखडे खात मागे गेली. उभी राहिली. हात केले. डावीकडे. थोडं डावीकडे. कॅरॅव्हॅन उजवीकडे गेली आणि बांधात घुसली.

“ग्लेनिस, हात.”

पुढे घेतली. पुन्हा मागे. या वेळी ग्लेनिसने अगदी शाळेच्या कवायतीसारखे हात केले, खांद्यापासून, स्वच्छ. कॅरॅव्हॅन डाव्या बांधावर आपटली आणि कोपऱ्यावरचा दिवा फुटला.

“हात नीट कर ना, ग्लेनिस. मला दिसत नाहीयेत तुझे हात.”

ती धावत पेगीकडे आली. पेगीचा अर्धा चेहरा आता दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याचा वाटत होता. डावा डोळा मिटला होता. श्वास भराभर चालला होता. ग्लेनिसने फोन काढला, पण त्या खड्ड्यात फोन लागेल कसा? वर आकाशाची एक पट्टी होती, तीही झाडांनी अरुंद केलेली. नेव्हिलच्या गाडीला पुढे डेस्मंड आणि मागे स्वतःचंच घर. डेस्मंडच्या गाडीला तेच. दोन गाड्या, दोन घरं, चार माणसं, आणि गावाला जाण्यासारखं एकही वाहन नाही.

तेवढ्यात एव्हरिलने खिडकीतून ट्रे पुढे केला. थर्मासमधून ओतलेले चार कप चहा आणि बिस्किटं. “घ्या बाई,” ती मायेने म्हणाली. “असल्या वेळी गरम काही तरी बरं वाटतं.”

“मला चहा नकोय,” ग्लेनिस म्हणाली. आवाज इतका चढला की डेस्मंडने कप परत ट्रेमध्ये ठेवला. “माझी कुत्री मरतेय आणि तुम्ही चहा काय देताय.”

असं कुणाशी बोलल्याचं तिला आयुष्यात आठवत नव्हतं. ती माफी मागेल म्हणून सगळे थांबले. तिने मागितली नाही.

तिसऱ्यांदा ती मागे गेली आणि हात वर केले. गाडी घरघरली, कॅरॅव्हॅन तिरकी झाली, आणि ग्लेनिसला स्पष्ट दिसलं की तिने डावीकडे दाखवलं तेव्हा पुढची चाकं डावीकडे वळली होती. ती उलट वळायला हवी होती. तिने पुन्हा डावीकडे दाखवलं. चाकं पुन्हा डावीकडेच वळली. तिचे हात बरोबर होते. ते नेहमीच बरोबर असावेत. हात तसेच हवेत ठेवून ती क्षणभर उभी राहिली, मग तिने ते खाली घेतले आणि फटीतून पुढे आली. नेव्हिल दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

खरं तर तिला आता त्याला फाडून खायचं होतं. पण या बोळात त्याला आणलं होतं तिनेच, आणि ते मनात डाचत असताना दुसरं काही बोलवेना.

“वळणावर पाटी होती,” ती म्हणाली. “कॅरॅव्हॅन आणू नका अशी. मी वाचली होती.”

“मीही वाचली.”

“तू वाचलीस? मग वळलास कसा?”

“तू वळ म्हणालीस.”

रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला पूर्ण वेळ उभा राहणारा माणूस. पाटी वाचून, समजून, तो वळला होता, कारण ती ‘वळ’ म्हणाली. आणि त्यानंतर आत्तापर्यंत त्याने त्याबद्दल तिला एक अक्षर सुनावलं नव्हतं. ग्लेनिसच्या मनात एकदम एक भलताच विचार आला. एवढ्यानं हा वळतो, तर इतक्या वर्षांत मी आणखी काय काय म्हणू शकले असते? तो विचार पुरता करायला वेळ नव्हता. पेगीने टॉवेलात ओकारी काढली.

“गाडी बंद कर,” ग्लेनिस म्हणाली. “मी तिला घेऊन जाते.”

“कशी जाशील? पुढून वाट कुठाय?”

“वरून.”

ती डेस्मंडच्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर चढली. सदुसष्टाव्या वर्षी, फुलाफुलांच्या शर्टात, चिखलाच्या बुटांसकट. पत्रा कुरकुरला.

“माफ करा हं,” ती सवयीने म्हणालीच.

“छे, छे, खुशाल,” डेस्मंड म्हणाला. त्याने तिचा एक घोटा धरला, एव्हरिलने काचेतून हात काढून दुसरा धरला, आणि ग्लेनिस मुळांना लोंबकळत, गुडघे खरचटत बांधाच्या माथ्यावर पोटावर पालथी पडली. वळून तिने हात खाली केले. नेव्हिल बॉनेटवर उभा होता. त्याने टॉवेलातली पेगी वर उचलून दिली, तळहातांवर, परात द्यावी तशी. त्याच्या ओठांवर काही तरी आलं होतं. ‘लवकर परत ये’ असेल, नाही तर ‘शेत खाजगी आहे’ असेल. त्याने टॉवेलचं लोंबणारं टोक वर सरकवून दिलं.

वर मोकळं शेत होतं आणि वारा होता. दहाबारा गोऱ्हे तिच्यामागे कुतूहलाने चालायला लागले. एरवी ती अशा गोऱ्ह्यांना भिऊन अर्धा मैल वळसा घेत असे. आज तिला त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती. पेगी हलकी होती, पण दर शंभर पावलांना जड होत होती. शेताच्या पलीकडच्या फाटकापाशी एक बाई चारचाकी मोटारसायकलवर बसून कुंपणाची तार बघत होती. पन्नाशीची, पुरुषी टोपी घातलेली, लाल गालांची. एलुनेड तिचं नाव, ते नंतर कळलं. तिने टॉवेल बाजूला करून एक नजर टाकली.

“ॲडर?”

“हो.”

“चढ बाई मागे. कमरेला धर माझ्या, लाजू नकोस, धरण्यासारखं भरपूर आहे तिथे.” आणि गाडी सुरू करता करता, “बोळात अडकलात ना? दरवर्षी दोन-तीन घरं अडकतात तिथे. माझा भाऊ म्हणतो, मासे पकडायचं सोडून देऊ आणि हेच पकडू.”

“माझा नवरा आहे तिथे अजून.”

“असू दे. तो काही सुजत नाहीये. भावाला पाठवते ट्रॅक्टर घेऊन.”

शेतं, फाटकं, मग डांबर. वाऱ्याने ग्लेनिसच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे जात होतं. दवाखान्यात पोचली तेव्हा एकला दहा कमी होते. डॉक्टरबाईंनी पेगीला हातातून घेता घेता विचारलं, “कधी चावला?”

“अकराला पाच कमी असताना.”

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या लगबगीने आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर ग्लेनिसला बरं वाटलं असतं.

मग ती बसून राहिली. समोर मांजरांच्या खाण्याच्या पिशव्या, कोपऱ्यात वजनकाटा. आतून काही आवाज येत नव्हता. नेव्हिलला फोन लागत नव्हता. पेगी गेली तर काय, हा विचार ती करत होती, आणि त्या विचाराच्या तळाशी जे होतं त्याची तिला लाज वाटली. पेगी गेली तर मी बाहेर कशी पडणार? कुत्री मरणाच्या दारात आणि ही बया स्वतःच्या तासाचा हिशेब करतेय. तिने स्वतःला मनातल्या मनात दोनचार शब्द हासडले. पण लाजेबरोबरच आणखीही एक गोष्ट होती, ती तिने नाकारली नाही. ती तीन तास एका खुर्चीवर बसली होती आणि या तीन तासांत तिला कुणीही काहीही विचारलं नव्हतं.

साडेचारला नेव्हिल आला. एलुनेडच्या भावाने कॅरॅव्हॅन ट्रॅक्टरने मागे ओढून काढली होती, एका बाजूचा पत्रा सोलला गेला होता, आणि ती आता दोन गाड्यांच्या जागेत आडवी उभी होती. पाटीवर एकाच गाडीची जागा आहे असं लिहिलं होतं, हे त्याने सांगितलं, पण हलवायला गेला नाही. शेजारच्या खुर्चीवर बसला. त्याच्या शर्टाला पाला चिकटला होता.

“आत आहे अजून?”

“हो.”

मग तो म्हणाला, “त्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, किती वर्षं कॅरॅव्हॅन ओढताय म्हणून. मी म्हटलं, एकोणीस. तर म्हणाला, चाक उलटं फिरवायचं असतं हे कुणी सांगितलं नाही का?” नेव्हिलने गुडघे चोळले. “मला माहीत आहे, उलटं फिरवायचं ते. माहीत असतं. पण लोक बघायला लागले की हात ऐकत नाहीत माझे.”

“आणि माझ्या हातांना नावं ठेवत होतास.”

“तुझे हात बरोबर असायचे.”

कधी काळी हे वाक्य ऐकायला मिळालं असतं तर ग्लेनिस विरघळली असती. आता तिला फक्त संताप आला. “एकोणीस वर्षं, नेव्हिल,” ती म्हणाली. “परक्या लोकांची मी माफी मागत होते. उभी राहून. प्रत्येक गावात.”

तो मान खाली घालून बसला. शर्टाला चिकटलेलं एकेक पान तो काढत राहिला.

डॉक्टरबाई आल्या. पेगी वाचली होती. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला आणि ती तोंडावर हात धरून रडायला लागली. डॉक्टरबाई पुढे सांगत होत्या. विष बराच वेळ अंगात राहिलं, हृदयाचे ठोके मधूनच चुकताहेत. आजची रात्र इथे राहू दे, उद्या दुपारी न्या. पण महिनाभर पिंजऱ्यात ठेवायचं. चालायला अजिबात न्यायचं नाही. शू-शीला उचलून गवतावर ठेवायचं आणि उचलून परत आणायचं, दोन मिनिटं. “दोनाची तीन नाहीत. जमेल ना?”

“हो, हो,” नेव्हिल म्हणाला. नियम असला की त्याला धीर येई. “जमवू आम्ही.”

ग्लेनिस रडतच होती. पेगी जगली म्हणून रडत होती हे खरं. पण ‘महिनाभर’ हा शब्द ऐकल्यावर जे आणखी थोडं आलं, ते दुसऱ्याच गोष्टीचं होतं, आणि ते तिचं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गावाबाहेरच्या मैदानावर मुक्कामाला होते. जागा अशी की सरळ आत जायचं, सरळ बाहेर यायचं. नेव्हिलने फोनवर तेवढं एकच विचारून घेतलं होतं. तारेचा पिंजरा जमिनीवर ठेवल्यावर कॅरॅव्हॅनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सोललेल्या पत्र्यावर त्याने निळं प्लास्टिक चिकटवलं होतं, ते वाऱ्याने फडफडत होतं. पेगी सुजलेलं तोंड पंजांवर ठेवून झोपली होती. नेव्हिलने पिंजऱ्यावर वेळापत्रक लावलं होतं. सहा, दहा, दोन, सहा. प्रत्येकी दोन मिनिटं. सहाची दोन मिनिटं आत्ताच उरकून झाली होती.

तो एका बाकावर आणि ती समोरच्या. मध्ये पिंजरा. बाहेर लख्ख उजेड होता, खाली भरतीचं पाणी चढत होतं. नेव्हिल दुसऱ्या दिवशीचा रस्ता बघत होता.

“उद्या लवकर निघू. पुढची जागा खाडीच्या तोंडाशी आहे. तिथे धुवायची मशीनं जास्त आहेत.”

ग्लेनिस उठली. तिने खुंटीवरचा कोट काढला. नेव्हिलला पाय वर घ्यावे लागले.

“कुठे निघालीस?”

वाक्य तोंडात तयार होतं. इतक्या वर्षांचं, गुळगुळीत झालेलं. आणि ते म्हणता येत नव्हतं, कारण पेगी तिच्या पायाशी झोपली होती. ग्लेनिस कोटाची एक बाही घालून तशीच थांबली.

“फिरायला,” ती म्हणाली.

“तिला न्यायचं नाहीये. डॉक्टर म्हणाल्या ना.”

“तिला नाही नेत. मी जातेय.”

नेव्हिलने नकाशावरून मान वर केली. हा प्रकार त्याच्या कुठल्याच यादीत नव्हता. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पिंजऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“मी येऊ?” त्याने विचारलं. हळू, जवळजवळ भीत भीत.

त्या आवाजाने तिला कसंसंच झालं. ‘चल’ म्हणणं अगदी सोपं होतं, आणि आजवर तिने सोपं तेच केलं होतं.

“नको,” ती म्हणाली. “आणि उद्याची ती जागा रद्द कर. मला घरी जायचंय, नेव्हिल. पेगीला घेऊन. ती पिंजऱ्यात राहणार असेल तर आपल्या स्वयंपाकघरात राहील.”

“ऑक्टोबरपर्यंतचं सगळं ठरवलंय मी.”

“माहीत आहे. तू ये किनारा पुरा करून. मी दिवे चालू ठेवीन.”

नेव्हिलने नकाशाची घडी घातली, चुकीच्या रेषेवर, उघडली आणि पुन्हा घातली. कितीतरी गोष्टी त्याच्या मनात येऊन गेल्या असतील. बाहेर आली ती एकच, त्याच्या जुन्या खात्यातली.

“किती वाजता येशील?”

“माहीत नाही,” ग्लेनिस म्हणाली.

तिने दुसरी बाही घातली, दार ओढून घेतलं आणि पायरी उतरली. डावीकडे समुद्र होता, उजवीकडे गावाचा रस्ता. आजवर कुठे जायचं ते पेगी ठरवत आली होती. ग्लेनिस दोन्ही वाटांकडे बघत उभी राहिली, आणि कुठल्या बाजूला जायचं हे ठरवायला तिला बराच वेळ लागला.